‘सिव’ लिहिलेली शिवराई आणि पेण-रोह्याची वाट

मैत्रिणींनो, तुमच्या देव्हाऱ्यात एखादी पितळी डबी आहे का? असेल तर आत काय आहे, ते मी न बघताच सांगते. दोन-चार कवड्या, एखादी सुपारी, राणीछाप रुपया आणि तळाशी काळपट पडलेले तांब्याचे जाडजूड तुकडे. दिवाळीत चिंच लावून घासायचे, हळदकुंकू वाहायचं आणि परत डबीत टाकायचे. त्यांच्यावर काय लिहिलंय हे आपण कधी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर पुढचा सगळा घोटाळा टळला असता, आणि पेण-रोह्याची ही वारीही घडली नसती.

माझं सासर रोह्याचं. खरं म्हणजे रोह्याचं नव्हे, अष्टमीचं. मध्ये कुंडलिका नदी, अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. पण बाहेरचा माणूस दोन्हींना मिळून ‘रोहा’च म्हणतो. गेल्या दिवाळीला सासूबाईंनी ती डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “आता माझ्याच्यानं घासवत नाहीत. तुझ्या देवात ठेव.” आत अकरा नाणी होती. शिवराया, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाचे तांब्याचे पैसे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती टिंबांची माळ.

आता माझा गाढवपणा ऐका. घरी आल्यावर मनात आलं, यांची किंमत तरी काय असेल? म्हणून शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डबी घेऊन गेले. दुकानदाराने भिंग लावलं, अकरांतली पाच नाणी बाजूला काढली आणि म्हणाला, “बाई, ही नकली आहेत. हे बघा, ‘शिव’ असं हवं तिथे ‘सिव’ लिहिलंय. महाराजांच्या नाण्यावर अशी चूक असेल का?” मी शिक्षकाची मुलगी. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईच्या रेघा बघतच वाढले. मला ते एका क्षणात पटलं. पाच नाणी तांब्याच्या भावाने त्याच्याकडे दिली आणि उरलेली सहा घेऊन घरी आले. आलेल्या पैशांत धड एक किलो तूरडाळही झाली नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना नाण्यांचा नाद आहे हे माहीत होतं, पण तो असा असेल याची कल्पना नव्हती. हकीकत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला आणि आतून एक जाड वही आणली. पानापानावर कागदाची छोटी पाकिटं चिकटवलेली, प्रत्येकात एक शिवराई आणि वर बारीक अक्षरात तिचा पाठ: ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘छत्रपति’, ‘छत्रपती’. एकीवर अक्षरं चक्क आरशात दिसावीत तशी उलटी. “शुद्ध शिवराई कुणाकडेही मिळते,” काका म्हणाले, “मी अशुद्ध गोळा करतो.”

मला आधी हसूच आलं. चुका कुणी गोळा करतं का? तर म्हणे करतात, जगभर करतात. रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे शौकीन आहेत, त्यांच्यात कित्येक जण बादशहाच्या नावातलं एखादं अक्षर गळलेलं, एखादं उलटं पडलेलं, असंच नाणं शोधत फिरतात. आणि ही रोमन नाणी काही आपल्यापासून फार लांबची नाहीत, बरं का. कुंडलिका समुद्राला मिळते त्या तोंडाजवळ चौल-रेवदंडा आहे. ते चौल दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक-रोमन लेखकांनी ‘सिमुल्ला’, ‘सेमुल्ला’ अशा नावांनी नोंदवलेलं बंदर. त्या व्यापारात रोमचं सोनं-रुपं हिंदुस्थानात आलं. आपल्या कारागिरांनी त्या नाण्यांच्या नकला केल्या. चेहरा बरा जमला, पण लॅटिन लिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे कडेच्या अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या आणि वेलांट्या उमटल्या.

तीच गत नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांची. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे त्याच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नंतर आपला ठसा मारून घेतला होता. नहपानाच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर कडेने ग्रीक अक्षरंही आहेत. राजाचंच नाव, पण ग्रीक लिपीत. खोदणाऱ्यांना ती लिपी हळूहळू कळेनाशी झाली आणि अक्षरं बिघडत गेली. आपण लहानपणी इंग्रजी सही ‘काढायचो’, लिहायचो नाही, तसंच.

“मग माझी पाच नाणी?” मी विचारलं. काका म्हणाले, “नकली होती की नाही, ते न बघता मी कसं सांगू? पण ‘सिव’ लिहिलंय एवढ्यावरून तर मुळीच नकली ठरत नाहीत.” दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. नाणी गेली होती. कुणाला विकली, केवढ्याला, विचारायची सोय नव्हती. मी राजीखुशीने दिली होती ना!

रोह्याला जाऊन सासूबाईंना हे सांगणं भाग होतं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. ह्यांना सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच निघाले. तुम्हालाही कधी जायचं झालं तर सांगून ठेवते: महामार्गाच्या नादी लागू नका, त्या रस्त्याचं काम ही एक न संपणारी पोथी आहे. दिव्याहून रोह्याची गाडी धरा. पनवेल सुटलं की हळूहळू शहर मागे पडतं, आपटा, जिते, हमरापूर करत पेण येतं. पुढे कासू, नागोठणे आणि रोहा. कोकण रेल्वे सुरू होते ती याच रोह्यापासून. पावसाळ्यानंतर गेलात तर दोन्ही बाजूंना भातशेती, मध्येच खाडीचं पाणी आणि त्यावर बगळे.

पेणला मी उतरले, कारण तिथे माझी मावशी असते. पेण म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात, गणपती आणि पोह्याचे पापड. पापडांचं मी सांगायला नको, तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या डब्यात ते असतीलच. पण गणपतीचे कारखाने एकदा आत जाऊन बघा. पेण गावात आहेतच, शिवाय हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून घरोघरी हाच उद्योग. आपल्याला वाटतं श्रावणात कामाला लागत असतील. छे! विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाची तयारी सुरू. मावशीच्या घरामागे असाच एक कारखाना आहे. शाडूच्या पांढुरक्या मूर्ती फळ्यांवर ओळीने वाळत ठेवलेल्या, एकीलाही डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि ती जाणत्या हाताकडेच.

तिथल्या एका वयस्क कारागिराशी बोलताना मी सहज विचारलं, “साच्यातच चूक राहिली तर?” ते म्हणाले, “मग त्या वर्षी साऱ्या गणपतींना तीच चूक. सोंडेवर बारीक चरा असला तर शेकडा शंभर मूर्तींवर चरा. आम्ही हाताने पुसून घेतो. पण पुसायचा विसरला, तर गिऱ्हाईकाला वाटतं, तशीच पद्धत आहे.” आणि मिशीत हसून पुढे म्हणाले, “आणि पुढच्या वर्षी तसाच पायजे म्हणून सांगतात!”

मी डबीतली एक शिवराई त्यांना दाखवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “हा छाप उलटा खोदावा लागला असेल ना?” बघा, मला इतक्या वर्षांत न सुचलेली गोष्ट त्यांना हाताने कळली.

शिवराई पाडायची रीत अशी. तांब्याचे तुकडे करून, ठोकून चपट्या चकत्या करायच्या. दोन ठसे लोखंडाचे. एक खाली घट्ट बसवलेला, दुसरा हातात धरायचा. मध्ये चकती ठेवायची आणि वरून घणाचा घाव घालायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटल्या की पैसा तयार. पेढ्यावर लाकडी साच्याने नक्षी उठवतो ना, तेच तत्त्व, फक्त पेढ्याऐवजी तांबं. आता साच्यात जे उजवीकडे, ते पेढ्यावर डावीकडे. म्हणजे ठसा खोदणाऱ्याला ‘श्री राजा शिव’ सगळं उलटं, उजवीकडून डावीकडे खोदायचं. विसरून सुलटं खोदलं की नाण्यावर अक्षरं उलटी. काकांच्या वहीतलं ते आरशातलं नाणं त्यामुळे जन्माला आलं. शिवाय चकती लहान आणि ठसा मोठा असला की कडेची अक्षरं चकतीबाहेर जातात. ‘छत्र’ दिसतं पण ‘पति’ अर्धा गायब. घाव हलला तर एकच अक्षर दोनदा. आणि चूक ठशात असली की त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक, सोंडेवरच्या चऱ्यासारखी. पुन्हा ठसा झिजला की नवा करताना समोर नमुना म्हणून काय? आधीचं नाणं! मग ‘सिव’वरून ‘सिव’च उतरायचं.

पण कुणी म्हणेल, टांकसाळीत एक तरी शिकलेला माणूस नसेल का? इथे नागोठणे येतं. पेण आणि रोहा यांच्या मध्ये, अंबा नदीच्या काठी. आपण गाडीतून नुसतं नाव वाचतो आणि पुढे जातो. पण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर एक निबंध लिहिला, त्यात पेशवे दफ्तरातल्या नोंदी आहेत. १७४४ च्या सुमाराला, बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या काळात, नागोठणे आणि रेवदंडा इथल्या दोघा जणांना तांब्याचे पैसे पाडायचा परवाना दिल्याचं त्यांत दिसतं. परवाना तीन वर्षांचा, त्याबद्दल सरकारात ठरावीक रक्कम भरायची आणि पैशाचं वजन किती मासे ठेवायचं हेही ठरलेलं. म्हणजे टांकसाळ सरकारी नव्हे, मक्त्याची! आपल्याकडे गावोगाव पिठाची गिरणी असते तसंच म्हणा ना. वजनात खोट निघाली तर मक्तेदाराला जाब द्यावा लागे, वेलांटीत निघाली तर कोण विचारतो?

आणि हेही लक्षात घ्या, की शिवराई ही काही फक्त महाराजांच्या हयातीतली नव्हे. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने महाराजांनी आपल्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पण शिवराई लोकांच्या इतकी अंगवळणी पडली, की पुढे शंभर-दीडशे वर्षं महाराजांच्याच नावाने पैसे निघत राहिले. गादीवर कुणी असो, पुण्याहून कारभार कुणीही हाको, भाजी घ्यायची ती शिवराई देऊनच. इंग्रजी राज्य आल्यावरही बरीच वर्षं ती बाजारात चालली. तेव्हा देव्हाऱ्यातल्या प्रत्येक शिवराईला महाराजांचा हात लागलाय असं समजू नका. माझी तरी बहुतेक पेशवाईतलीच असावीत, असं काकांचं मत पडलं. मी थोडी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू?

आता शुद्धलेखनाचं. यावर मी गाडीत बसून बराच विचार केला, कारण दुखणं माझं होतं. त्या काळी रोजचा जमाखर्च, पत्रं, सगळं मोडी लिपीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ नसतो. जो माणूस आयुष्यभर ‘ति’ आणि ‘ती’ एकाच वळणाने लिहीत आला, त्याला नाण्यावर बाळबोध खोदायला सांगितल्यावर तो कोणती वेलांटी काढणार? हाताला येईल ती. ‘श’ आणि ‘स’ची कथा तर आपल्या बोलीतच आहे. आमच्या कोकणात जाऊन बघा, कितीतरी तोंडांत ‘श’ नाहीच. तो माणूस बोलत होता तसं खोदत होता.

आणि गंमत ऐका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने १९६२ साली मान्य केले. त्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचा. कवि नव्हे कवी, मति नव्हे मती. म्हणजे आजच्या परीक्षकाच्या हातात शिवराई दिली, तर ‘छत्रपति’ लिहिलेल्या साऱ्या ‘शुद्ध’ शिवराया लाल शाईने रंगतील. आणि क्वचित कुठे ‘छत्रपती’ खोदलेलं निघतं, ज्याला काका अशुद्ध म्हणून वहीत जपून ठेवतात, त्यालाच पैकीच्या पैकी गुण मिळतील! माझे वडील आज असते तर त्यांना हे ऐकवलं असतं.

असो. रोहा आलं.

या गावाची नाण्यांशी आणखी दोन नाती आहेत. मी सून असल्यामुळे मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. तो चौलला उतरला, तिथून होडीने कुंडलिकेतून वर येत आमच्या अष्टमीला लागला आणि पुढे निजामपूरवरून रायगडाकडे गेला. इंग्रजांनी महाराजांपुढे जी कलमं मांडली त्यांत एक नाण्यांचं होतं, की आमचं नाणं तुमच्या मुलुखात चालावं. महाराजांचं उत्तर असं, की मी कुणाचंही नाणं चालायला बंदी करत नाही, पण ज्यात तोटा होईल ते नाणं घ्यायची सक्ती मी माझ्या रयतेवर करणार नाही. तुमच्या नाण्याचा कस आणि वजन चांगलं असेल तर ते आपोआप चालेल. घरखर्चाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावं, इतकं रोकठोक!

दुसरं नातं चिंतामणराव देशमुखांचं. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावी, पण घर रोह्याचं, वडील इथेच वकिली करत. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटेवर एका रोहेकराची सही आली. पुढे ते अर्थमंत्री असताना, १९५३ मध्ये, नोटांवर हिंदी ठळकपणे यायला लागलं. तेव्हा ‘रुपया’चं हिंदी अनेकवचन काय करायचं यावरून दिल्लीत खल झाला होता. शेवटी ‘रुपये’ ठरलं. पैशावर काय लिहावं हे ठरवायला एवढं मोठं सरकार बसतं, आणि नागोठण्याच्या त्या ठसा खोदणाऱ्याकडून मात्र आम्ही वेलांटीची अपेक्षा करतो.

अष्टमीच्या घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. मोठ्या जाऊबाईंनी चहा दिला. मी डबी पुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. १९७८ साली सरकारने प्रौढ शिक्षणाचे वर्ग सुरू केले, त्यांत त्या अक्षरं शिकल्या. दिवसभराची कामं आटोपून रात्री कंदील घेऊन जात. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. ‘साकर’, ‘हलद’, ‘सेंगदाने’. मी नवी नवरी, अंगात उत्साह. एका दुपारी त्या झोपल्या असताना मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि रंगीत पेनाने ठसठशीत नव्या लिहिल्या. ‘साखर’, ‘हळद’, ‘शेंगदाणे’. संध्याकाळी त्यांनी फळीकडे पाहिलं आणि “छान अक्षर आहे हो तुझं” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी डब्यावर कधी काही लिहिलं नाही. मुंबईला आमच्याकडे पत्र यायचं ते जाऊबाईंच्या हातचं. माझ्या हे कधी ध्यानातही आलं नव्हतं. त्या दुकानदाराने “ ‘शिव’ हवं तिथे ‘सिव’ ” म्हटलं, आणि मी मान डोलावली. काकांची वही बघून घरी आल्यावर, रात्री भांडी आवरताना, मला तो ‘सेंगदाने’ आठवला.

सासूबाईंनी माझं ऐकून घेतलं. वाल सोलणं थांबलं नाही. मग म्हणाल्या, “पाच गेली, सहा राहिली. माझ्या सासूने मला अठरा दिली होती.”

“अठरा? मग सात कुठे गेली?”

त्यांनी बोटाने मोरीकडे दाखवलं. तिथे तांब्याची घागर होती, रोज पाहण्यातली. “वन्संच्या लग्नात घागर हवी होती, आन पैसे नव्हते. तांबटाला सात शिवराया आन एक फुटका तांब्या घातला. त्याने आटवून जोड दिला, वर मजुरी घेतली. वन्सं घागर न्यायला विसरली, ती ऱ्हायली इथंच.” आणि हसल्या. “त्यांतल्या कुठल्यावर काय लिवलं होतं, कोण जाणे. तेवा मला वाचता कुठं येत होतं!”

मला हसावं की रडावं कळेना. मी नाणी आणि काकांनी दिलेलं भिंग बाहेर काढलं. सहापैकी एक इतकी झिजलेली, की दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. सासूबाईंनी ती पडवीच्या उन्हात तिरकी धरली, भिंग लावलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. “श्री... रा... जा... सि... व.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बरोबर हाय की!”

मी काही बोलले नाही.

आता तुमच्यासाठी काकांनी बजावलेल्या गोष्टी, कारण तुम्ही आजच डबी उघडून बसाल. पहिलं म्हणजे चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतलं काहीही नाण्यांना लावू नका. आम्ही चार पिढ्या दर दिवाळीला अक्षरं घासून काढली, हा आमचाच पराक्रम. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, पुरे. काळपट-तपकिरी रंग हा मळ नाही, तो तांब्याचं अंगरक्षण करतो. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नका, त्यातल्या मऊ प्लॅस्टिकने हिरवा चिकट थर धरतो. कोऱ्या कागदाचं पाकीट सर्वांत बरं, आणि जागा कोरडी. नाणं हातात धरायचं ते कडेला धरून. विकायचंच असेल तर एकाच दुकानात विचारून मोकळ्या होऊ नका, माझी फजिती डोळ्यांपुढे ठेवा. आणि परसात, शेतात खणताना नाणी सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. त्याचा कायदा १८७८ पासून आहे. शिवाय मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय मुलांना जरूर दाखवा.

मी बरोबर सहा पाकिटं नेली होती. नाणं कुणाकडून आलं, केव्हा आलं हे प्रत्येकावर लिहायचं, नाहीतर पुढच्या पिढीला नुसतं तांबं उरतं, असं काकांनी सांगितलं होतं. मी पेन उघडून म्हटलं, “आई, तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“दे इकडे,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक हाय तर मीच लिवते.”

एका पाकिटाला पाच-पाच मिनिटं लागली. हात थरथरतो आता. ‘आत्यासासूनी दिली’, ‘धाविर म्हाराजाच्या पालखीत ववाळलेली’, ‘आस्टमी, जुन्या घरातली’. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस बंदुका घेऊन ग्रामदैवताला मानवंदना देतात. कधीतरी ती बघायला या. त्या पालखीवरून ओवाळलेलं नाणं आमच्या घरात आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या झिजलेल्या शिवराईच्या पाकिटावर त्यांनी आधी भिंगातून पुन्हा एकदा बघून घेतलं आणि मग लिहिलं, ‘सिव’.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. नाणी रोह्यालाच ठेवून येत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. डबी पुन्हा माझ्या पिशवीत घातली, वर पेणहून घेतलेले पापड, आणि सर्वांत वर फडक्यात बांधलेले कडवे वाल. घरी येऊन पुरचुंडी सोडली तर आत एक चिठ्ठी. ‘कडवे वाल. रातभर भिजवने. गरम पानी घालू नये.’

वाल बरणीत भरले आणि चिठ्ठी होती तशी बरणीला चिकटवली.